फाट्यापर्यंतची वाट

बुलढाणा जिल्ह्याची वाटणी महसूल खात्याच्या दप्तरात तेरा तालुक्यांत झालेली असली, तरी येथील माणसांच्या बोलण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या दोनच भागांत होत आली आहे: घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख. अजिंठ्याच्या रांगेचे पठार उत्तरेकडे जेथे एकाएकी तुटते, तेथून राजूरच्या अथवा बोथ्याच्या घाटाने उतरणारा प्रवासी पूर्णेच्या खोऱ्यात येतो, आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव व नदीपलीकडचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हा काळ्याभोर, सपाट मातीचा प्रदेश थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्याच्यासमोर पसरतो. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या बाजूंस रस्ता सतत चढतो आणि उतरतो, हवा थंड असते आणि बऱ्याच ठिकाणी पायाखाली मुरूम लागतो. या दोन मुलखांत पीकपाणी निराळे, बोलीची ढब निराळी; आणि जो विद्यार्थी रोज सकाळी खेड्यातून सायकल काढून तालुक्याच्या महाविद्यालयाकडे निघतो, त्याचे कष्टही निराळे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'वाट' हा विषय कळवला, तेव्हा शेगावच्या पायवारीवर लिहावे असे मनात येणे स्वाभाविक होते. परंतु जी वाट दिवसातून दोनदा तुडवली जाते, जिच्यावर ना टाळ वाजतात ना कोणी चहाफराळ घेऊन उभे असते, आणि जिच्या टोकाला बी.ए.चे किंवा बी.एस्‌सी.चे एक गुणपत्रक असते, तिच्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही, ही जाणीव मला अधिक खुपत होती. म्हणून आषाढात चिखल असताना आणि पुन्हा कार्तिकात पिके निघाल्यावर मी खामगाव, नांदुरा आणि बुलढाणा या बाजूंस हिंडलो, मुलामुलींशी बोललो, दुरुस्तीच्या टपऱ्यांवर बसलो. शेतकऱ्याचा मुलगा अथवा मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत टिकणार की नाही, याचा निवाडा बहुतांशी या पाच-सात किलोमीटरांतच होत असतो, असे माझे मत त्या हिंडण्यातून झाले आहे.

घाटाखालचा चिखल

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती कापसासाठी जितकी दयाळू, तितकीच चाकासाठी निर्दय. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असल्यामुळे ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसून हातभर खोल भेगाळते. आणि फुगलेल्या अवस्थेत ज्या वस्तूला ती एकदा लागते, तिला सहजासहजी सोडत नाही. गावातून डांबरी रस्त्यापर्यंत येणारा पांदण रस्ता एक किलोमीटरचाच असला, तरी त्या एका किलोमीटरात टायर आणि मडगार्ड यांच्यामधील बोटभर जागा चिखलाने ठासून भरते, चाक फिरेनासे होते, आणि मग स्वार खाली उतरून बाभळीच्या काडीने तो चिखल उकरीत बसतो. दहा पावले जातो न जातो तोच पुन्हा तेच. म्हणूनच जाणती मुले मृग लागताच दोन्ही मडगार्ड काढून ठेवतात आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बसवतात. मडगार्ड नसले की पाठीवर चिखलाची रेघ उमटते हे खरे, परंतु चाक अडकत नाही, आणि पाठीवरची रेघ दप्तराने झाकता येते. मुलींच्या सायकलींची साखळी पत्र्याच्या आवरणात असते. त्या आवरणात माती शिरली की ती काडीने निघत नाही. मग सायकल ढकलीत न्यावी लागते, आणि तेही जमेना की दोघीजणी पुढचे आणि मागचे चाक धरून ती उचलतात.

चपला हँडलला टांगलेल्या, सलवार अथवा पँट गुडघ्यापर्यंत सरकवलेली, वह्यापुस्तके दुहेरी प्लॅस्टिकात गुंडाळून दप्तराच्या तळाशी, आणि डोक्यावरून खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ: या थाटात आलेली मुले शहराच्या वेशीवरील एखाद्या हापशावर पाय धुतात, कपडे सारखे करतात आणि मगच पुढे जातात. छत्री सायकलवर निरुपयोगी, कारण एक हात छत्रीला दिला की ब्रेकला एकच उरतो. रेनकोट ज्यांच्यापाशी आहे तेही तो चढाला काढतात. आतल्या घामाने माणूस तितकाच भिजतो. खामगावच्या वाटेवर भेटलेला, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मला आपला हिशेब समजावून सांगत होता. "प्रॅक्टिकल असलं तं येनंच पडते, सर. लेक्चर असलं तं मित्राची वही पाहून घेतो." आकाश पाहून आणि वेळापत्रक पाहून तो दिवस ठरवतो. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम त्याला पाठ आहे, आणि पावसाळ्यातील गैरहजेरी हिवाळ्यात भरून काढावयाची असते हेही.

डांबरी रस्त्यावर आल्यावर सगळे सुरळीत होते असे समजू नये. खालची माती फुगत-आकसत राहिल्याने वरचे डांबरही वरखाली होते, कडा खचतात, आणि सायकलस्वाराच्या वाट्याला येते ती नेमकी कडाच. मधला भाग ट्रकांचा आणि मोटारींचा. ओढ्यावर पूल नसून रपटा असेल, तर पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबणे हाच उपाय. पूर्णेला मोठा पूर आला म्हणजे येरळीच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी जाई आणि नांदुरा व जळगाव जामोद यांचा सांधा तुटे. त्या दिवसांच्या आठवणी या भागातील प्रौढ माणसे अजून सांगतात. नदीने अडवलेला मनुष्य निदान कोणाला दोष देत नाही, पण गावच्या पांदणीने अडवलेल्याच्या मनात मात्र राग साठत जातो, हे मला त्या मुलांच्या बोलण्यात वारंवार जाणवले.

अमरावतीपासून तालुक्यापर्यंत

महाविद्यालयाला सायकलने जाणे ही गोष्ट या जिल्ह्यात मुळात शक्य कशी झाली, हे पाहिले पाहिजे. वऱ्हाडातील मुलाला पदवीचे शिक्षण घ्यावयाचे तर पूर्वी त्याने अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज गाठावे अथवा नागपूरचा रस्ता धरावा, असा परिपाठ होता. अमरावतीचे ते कॉलेज १९२३ सालचे, पुढे विदर्भ महाविद्यालय झालेले. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. मलकापूर, नांदुरा अथवा शेगाव स्थानकावर ट्रंक आणि वळकटी घेऊन आगगाडीत बसणारा तो मुलगा वर्षातून दोनदा घरी येई. त्याच्या वसतिगृहाचा खर्च पेलणारा बाप बहुधा मोठा जमीनदार, वकील अथवा सरकारी नोकर असे. सामान्य कुणब्याच्या मुलाचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबे. बुद्धी असूनही थांबे.

खामगाव येथे १९४७ साली जी. एस. कॉलेज निघाले, आणि घाटाखालच्या खेड्यांच्या दृष्टीने एक मोठे अंतर एकदम आटले. पुढे बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर अशी तालुक्यांची ठाणी एकेक करून महाविद्यालयांची झाली. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी शेगावास संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. घरची भाकरी खाऊन, सकाळी गोठ्यातले काम आटोपून, दुपारी पुन्हा शेतात हजर होता येईल असे पदवीचे शिक्षण तेव्हापासून शक्य झाले, आणि त्याची अट एकच होती: घर आणि वर्ग यांमधील अंतर रोज कापता आले पाहिजे.

याच काळात सायकलही स्वस्त होत गेली. स्वातंत्र्यापूर्वी ती विलायतेहून येई आणि तिचा मालक गावात डॉक्टर, मास्तर अथवा कारकून असा ओळखला जाई. सोनीपतची ॲटलस १९५१ साली आणि लुधियान्याची हीरो १९५६ साली सुरू झाल्यानंतर २८ इंची चाकांची ती काळी, मधल्या दांडीची, मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल खेडोपाडी पोहोचली. नगरपालिका तिच्यावर कर बसवीत आणि कर भरल्याचा बिल्ला हँडलला लावावा लागे. रात्री दिव्यावाचून जाणाऱ्यास पोलीस अडवी. दांडीवर धाकटा भाऊ, कॅरिअरवर मित्र आणि हँडलला भाकरीचे फडके अशा तऱ्हेने एका सायकलीवर तिघांचे शिक्षण झाल्याच्या हकिगती आज साठी उलटलेल्या कितीतरी प्राध्यापकांकडून ऐकावयास मिळतात. ॲटलसचा साहिबाबाद येथील अखेरचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. परंतु तिच्या बांध्याच्या सायकली आमच्याकडे अजून चालतात. बाप तिच्यावरून शेतात जातो आणि मुलगा महाविद्यालयात.

सराटे

दुरुस्तीच्या टपरीला चार बांबू, एक पत्रा आणि पाण्याचे एक घमेले एवढेच भांडवल पुरते, हे वरवर पाहणाऱ्याचे मत. नांदुऱ्याच्या बाजूस मी ज्या वृद्ध कारागिराच्या टपरीवर बसलो होतो, ज्यांना सगळी मुले 'चाचा' म्हणतात, त्यांच्यापाशी याहून मोठे भांडवल होते: कोणत्या गावची सायकल कोणत्या महिन्यात कशाने नादुरुस्त होते याचे ज्ञान. पावसाळ्यात येतात ते ब्रेक आणि साखळी. रिम ओली झाली की ब्रेकचे रबर घसरते, आणि उतारावर त्याचा भरवसा राहत नाही; साखळीवरचे वंगण पाण्याने धुऊन जाते, म्हणून गॅरेजमधील जुने ऑइल चिंधीने पुसून घ्यावे लागते. दिवाळीच्या पुढे-मागे येतात ती पंक्चरे, आणि त्यांचे कारण सराटे. रस्त्याच्या कडेला पसरणारी ही वेल पावसानंतर वाळते आणि तिच्या फळाचे तुकडे असे फुटतात की तुकडा कसाही पडला तरी त्याचे एक टोक वर राहते. जोडीला बाभळीचे काटे. शेताला कुंपण घालण्यासाठी फांद्या तोडून बैलगाडीतून ओढीत नेतात तेव्हा ते वाटेवर सांडतात, आणि एकाच वाटेवरील साऱ्या सायकली एका आठवड्यात टपरीवर येतात.

चाचांचे काम पाहणे हा एक संस्कार आहे. ट्यूब घमेल्यात फिरवून बुडबुडा शोधावयाचा, जागा कानशीने खरवडावयाची, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबावयाचे; मुलीला तास गाठायचा आहे म्हणून घाई करावयाची नाही, कारण घाईने लावलेला पॅच वैशाखात उन्हाने सुटतो. मग टायरच्या आतून बोट फिरवून काटा अजून रुतलेला नाही याची खात्री करावयाची. ज्या गावची वाट काटेरी आहे, त्या गावच्या सायकलीच्या टायरमध्ये ते जुन्या ट्यूबची लांब पट्टी अस्तरासारखी आतून बसवून देतात. खड्ड्याने चाक वाकडे झाले असेल तर आऱ्यांना एकेक चावी देत त्याची आऊट काढतात, आणि त्या वेळी कोणाशीही बोलत नाहीत.

पैसे पुढच्या महिन्यात देईन असे सांगून गेलेल्या मुलामुलींची वही ते ठेवतात का, असे मी विचारले. ते म्हणाले, "वही कायले पायजे, साहेब? पोरगी घरी टाइमावर पोचली पायजे. नाहीतर मायबापाचा जीव टांगनीले लागते." शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात उशिरा जमा होते हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांची वसुली त्या तारखेला धरून चालते.

समोरचा वारा

पाऊस दिसतो, वारा दिसत नाही. म्हणून सायकल न चालवणाऱ्याला वाऱ्याचे कष्ट कळत नाहीत. पूर्णेच्या मोकळ्या खोऱ्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून वाहतो आणि उन्हाळ्यातील दुपारचा झळांचा वाराही बहुधा त्याच दिशेचा. ज्याचे गाव शहराच्या पश्चिमेस, त्याला सकाळी महाविद्यालयाकडे जाताना वारा पाठीशी आणि परतताना तोंडावर. ज्याचे गाव पूर्वेस, त्याचे उलट. पश्चिमेकडील गावांची मुले चैत्र-वैशाखात अधिक थकतात. कला आणि वाणिज्य शाखांचे वर्ग बहुतेक ठिकाणी सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपारी बाराच्या सुमारास सुटतात. त्या घटकेला ४४-४५ अंशांचे ऊन डोक्यावर, खाली तापलेले डांबर, समोर गरम वारा आणि वाटेत सावलीचे झाड क्वचित, कारण रस्ता रुंद करताना जुनी निंबे आणि बाभळी तोडलेल्या. मुले डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, मुली डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी बांधतात. खिशात कांदा ठेवण्याची वऱ्हाडी रीत नव्या पिढीतही मोडलेली नाही. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा याच दिवसांत येतात.

त्यात पाण्याची अडचण. पूर्णाकाठचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत तर मूत्रपिंडाच्या विकारांशी त्याचे नाते गावोगाव बोलले जाते. तहान लागली म्हणून वाटेतल्या कोणत्याही हापशाचे पाणी प्यावे, अशी सोय या मुलांना नाही. बाटली घरूनच आणावी लागते आणि ती परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत पुरवावी लागते.

घाटावर उन्हाचा ताप कमी, पण तेथे चढ आहेत आणि हिवाळ्यातील पहाट आहे. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि साडेसातच्या तासाला पोहोचणारा विद्यार्थी अंधारातच निघालेला असतो. पूर्वीचा डायनामो हल्लीच्या सायकलींना नसतो. मोबाइलचा दिवा हँडलला दोऱ्याने बांधून मुले येतात. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावांत या वेळी रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात, आणि अस्वलांसाठी तर ते रान प्रसिद्धच आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो कोस चालत आलेला वाघही याच रानात येऊन थांबला होता. तिकडची मुले एकटी निघत नाहीत. चौघे-पाचजण गावाच्या पारापाशी जमतात आणि एकाला उशीर झाला तर सगळे थांबतात.

बारावीपर्यंतची सायकल

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा घरापासून पाच किलोमीटरांच्या आत असल्यास, सायकलसाठी अनुदान मिळते. साडेतीन हजारांची ही तरतूद २०२२ साली पाच हजार रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. त्याहून दूरच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या आहेत. या योजनेचे मोल मी कमी लेखणार नाही. बिहारात २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्यास आरंभ झाला, आणि कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. लाभ मुख्यतः तेथे झाला जेथे शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती. आमच्याकडे हा परिणाम टक्क्यांत मोजण्याची मला गरज वाटली नाही. सकाळी रस्त्यावर उभे राहिले की एकामागून एक जाणाऱ्या मुलींची ओळ दिसते, आणि त्यांच्या आयांच्या पिढीत अशी ओळ नव्हती हे कोणीही सांगेल.

परंतु बारावीचा निकाल लागतो आणि ही सगळी व्यवस्था एकाएकी संपते. मुलींचा मोफत एसटी पास बारावीपर्यंत. सायकलचे अनुदान बारावीपर्यंत. निळी गाडी शाळेच्या वेळेला धरून. २०२४ पासून पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासनाने पूर्ण माफ केले, ही स्वागतार्ह गोष्ट. तथापि साध्या बी.ए., बी.कॉम.ला जाणाऱ्या मुलीच्या घरी शुल्काहून जास्त वेळ चर्चा होते ती 'जाईल कशी, येईल कशी' याची. आठवीत मिळालेली सायकल तोवर चार-पाच वर्षांची झालेली, टायर झिजलेले, आणि अंतर मात्र वाढलेले, कारण शाळा शेजारच्या गावात होती आणि महाविद्यालय तालुक्याला आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ सालासाठी ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून खाली विकावे लागलेल्या घरात नव्या सायकलीचा विषय कोण काढणार? मुलगा असेल तर हप्त्याने मोटारसायकल घेण्याचा हट्ट धरतो आणि पेट्रोल शंभर रुपयांपुढे गेल्यावर ती दारात उभी राहते. मुलीसाठी तसा हट्ट कोणी धरीत नाही. तिचे नाव बाहेरून परीक्षा देणाऱ्यांच्या यादीत जाते. ज्या मुली रोज येतात त्यांतल्या पुष्कळजणी आठवीच्याच सायकलीवर येतात. शासनाने याच योजनेची मुदत पदवीपर्यंत वाढवावी आणि पाच किलोमीटरांची मर्यादा महाविद्यालयासाठी शिथिल करावी, असे मला मनापासून वाटते. मार्ग आखलेला आहे, तो पुढे नेणे एवढेच उरले आहे.

फाटा

सात-आठ किलोमीटरांपुढचे अंतर असले की सायकल आणि एसटी यांचा मेळ घालावा लागतो, आणि तो घातला जातो फाट्यावर. गावापासून हमरस्त्याचा फाटा तीन-चार किलोमीटर. तेथवर सायकल, पुढे पास काढलेली एसटी. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, त्या हिवाळ्यात ही मुले फाट्यावर न थांबता तशीच पुढे शहरापर्यंत सायकलने गेली, आणि ज्यांना ते झेपले नाही त्यांचे ते वर्ष बुडाल्यासारखेच झाले.

फाट्यावर सायकल ठेवायची कोठे, हा प्रश्न ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. चहाच्या टपरीमागे ठेवली तर टपरी बंद असलेल्या दिवशी पंचाईत. निंबाच्या झाडाला साखळीने बांधली तर सीट जाते, हवा सोडली जाते. खामगाव-नांदुरा रस्त्याच्या बाजूच्या एका फाट्यावर एक म्हातारी आपल्या अंगणात पंधरा-वीस सायकली ठेवू देते आणि त्याचे काही घेत नाही. मुली तिला आजी म्हणतात आणि शहरातून तिची औषधे आणून देतात. सोयाबीन निघाले म्हणजे मात्र तिला अंगण वाळवणाला लागते. "माय, आता पंधरा दिवस बाहेर ठेवा," असे ती सांगते, आणि सायकली रस्त्याकडेच्या भिंतीला जातात. नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस येतो.

मी गेलो तेव्हा या मुलींनी ग्रामपंचायतीला एक अर्ज लिहिला होता आणि त्यावर सह्या घेणे चालू होते. कागद शाळेच्या वहीतला, अक्षर ठळक, भाषा सरकारी अर्जाला शोभेल अशी. मागणी फाट्यावर पत्र्याच्या शेडची, साखळी अडकवण्यासाठी लोखंडी नळी जमिनीत पुरून मिळावी, आणि निधी अपुरा असल्यास काम टप्प्याटप्प्याने करावे अशी. पहिल्या टप्प्यात छप्पर आणि पश्चिमेकडची बाजू बंद करून मिळावी, इतर दोन बाजू पुढील वर्षी केल्या तरी चालतील, असे त्यांनी खाली स्वतंत्र ओळीत लिहिले होते.